साखळी दुसऱ्यांदा ओढायची असते

नमस्कार श्रोतेहो.

बर्फावर गाडी घसरू नये म्हणून टायरला बांधायच्या साखळ्यांबद्दल आज बोलायचंय. मी पहिल्यांदा त्या बांधल्या तेव्हा बोटं बधिर झाली होती, पण साखळ्या बसल्या आणि मी ऐटीत निघालो. थोडं अंतर गेलो नाही तोच चाकाजवळ खडखडाट सुरू झाला. उतरून बघतो तर साखळीचं सुटं टोक चाकाबरोबर गरगरत मडगार्डला फटके मारत होतं. चूक माझीच. आकडे अडकवले की काम झालं, असं मला वाटलं होतं.

हे साधन तसं जुनं आहे. अमेरिकेतल्या हॅरी वीड यांनी १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक चाकांना दोर, वेली, हाताला येईल ते गुंडाळायचे. कल्पना तीच: गुळगुळीत बर्फावर रबराची पकड सुटते, तिथे लोखंडाच्या कड्या रुततात.

साखळी बांधायची ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची असतात. चारही चाकांना जोर मिळत असेल तर अंदाज बांधू नका, गाडीचं माहितीपुस्तक उघडा. आणि एक ध्यानात असू द्या: साखळ्या फक्त पुढे असल्या, तर उतारावर जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं धरतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फिरू शकतो.

माप टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. समजा १८५/६५ आर १५ असं आहे, तर हेच आकडे साखळीच्या खोक्यावर शोधायचे. ‘जवळपास’चं माप चालत नाही. काही गाड्यांत टायर आणि आतल्या भागांमध्ये जागाच इतकी कमी असते की कंपनीच साखळी लावू नका म्हणते. तेही त्या पुस्तकातच कळेल.

आता बांधणं. गाडी रुतायच्या आधीच थांबा. रस्त्याच्या कडेला, सपाट जागी, हँडब्रेक ओढून. रुतलेल्या चाकाला साखळी घालणं म्हणजे चिखलात बसून बूट घालण्यासारखं आहे. साखळी आधी जमिनीवर पसरून पीळ काढा. मग ती टायरवर अशी टाका की कड्यांची गुळगुळीत बाजू रबराकडे राहील आणि आकड्यांची तोंडं बाहेर, म्हणजे ती टायरला बोचणार नाहीत. जमिनीला टेकलेला भाग तसाच राहतो, म्हणून गाडी जेमतेम हातभर पुढे घ्यायची आणि उरलेलं टोक वर ओढायचं. आधी आतल्या बाजूचा आकडा, मग बाहेरचा. आतला आकडा दिसत नाही, हातानेच चाचपावा लागतो, आणि बहुतेकांचा वैताग तिथेच होतो. बाहेरची बाजू शक्य तितकी आवळा, मग रबरी ताणपट्टा असेल तर तो चढवा. टायरमधली हवा मात्र कमी करू नका.

आता माझी चुकलेली पायरी. चाक फिरलं की साखळी आपली जागा शोधते आणि ढिली पडते. म्हणून शंभरेक मीटर सावकाश जाऊन पुन्हा उतरायचं, ती पुन्हा ओढायची आणि उरलेलं टोक नीट अडकवून टाकायचं. थंडीत दुसऱ्यांदा उतरणं जिवावर येतं, मान्य. पण हे सुटं टोक पत्र्यावरच थांबत नाही, ब्रेकचा पाइपही फोडू शकतं.

त्यानंतर वेग साधारण ताशी ५० किलोमीटरच्या आत, आणि साखळीच्या खोक्यावर त्याहून कमी लिहिला असेल तर तो. चाक जागच्या जागी फिरू देऊ नका, कड्या तुटतात. रस्ता कोरडा लागला की साखळ्या काढा, नाहीतर टायर, साखळी आणि रस्ता, तिन्ही झिजतात.

एकदा घरासमोर, कोरड्या उजेडात सराव करून बघा. हातमोजे, टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी साखळीच्याच पिशवीत ठेवा. परत आल्यावर साखळ्या साध्या पाण्याने धुवा, कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खातं, आणि पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरा. ती पिशवी डिकीत सगळ्या सामानाच्या वर. माझी पहिल्या वेळी चार बॅगांच्या खाली होती.