तासाभराची तपासणी आणि त्याआधीचे आठवडे

मंडळी, नवी मुंबईतल्या दवाखान्यांचे डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि आशाताई आज एकत्र बसल्या आहेत, म्हणून थेट मुद्द्याचं बोलते. टीबीचं निदान आता झटपट होतं, असं आपण सारखं म्हणतो. मशीनपुरतं ते खरं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात ते ५ ते १० हजार तरी असावे लागतात. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनला शे-दीडशे पुरतात. दोन तासांच्या आत ते टीबी आहे की नाही हे सांगतं, शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच त्याची शिफारस केली. पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट हे तसंच मशीन बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं आणि लहान केंद्रातल्या टेबलावर मावतं. २०२० मध्ये त्यालाही शिफारस मिळाली.

मग उशीर होतो कुठे? मशीनच्या अलीकडे.

एपीएमसीच्या भाजी मार्केटमध्ये रात्रभर माल उतरवणारा कामगार घ्या. खोकला लागला की तो आधी नाक्यावरच्या दवाखान्यात जातो. सिरप मिळतं, मग अँटिबायोटिक. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर घात होतो. ते टीबीच्या जंतूवरही चालतं. ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं, तो कामावर जातो आणि निदान लांबतं. माझ्या जनरल प्रॅक्टिशनर मित्रांना कळकळीची विनंती आहे: खोकला दोन आठवड्यांचा असेल, तर ते औषध लिहिण्याआधी बेडका तपासायला पाठवा.

आणि ती डबी! ‘यात थुंका’ म्हणून हातात दिली की पातळ, फेसाळ लाळ येते. त्यातून मशीन तरी काय शोधणार? आशाताई, पेशंटला दोन मिनिटं द्या. आधी चूळ भरायला लावा. मोकळ्या हवेत, लोकांपासून लांब उभं करा; पॅसेजमध्ये किंवा संडासात नको. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा, मग पोटातून जोर लावून खोकायचं. दाटसर बेडका, दोन ते पाच मिलिलिटर, झाकण घट्ट.

सकाळचा नमुना चांगला, हे आपल्याला पाठ आहे. पण हा माणूस सकाळी नऊला झोपायला जातो. त्याला ‘उद्या सकाळी या’ म्हटलं तर तो येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. समोर आहे तोवर एक नमुना घ्या, दुसरी डबी घरी द्या. झोपेतून उठल्यावरचा पहिला बेडका आणायला सांगा. मग दुपारचे चार वाजले असले तरी चालेल.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेशंटला सोडू नका. ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, तर छातीचा एक्स-रे काढाच; दगडखाणीत धूळ खाल्लेल्या माणसाचा तर नक्कीच. मानेतल्या गाठीचा टीबी बेडक्यात सहसा सापडत नाही, गाठीतून सुईने नमुना घ्यावा लागतो.

मघाशी एका सिस्टरांनी विचारलं, औषधं चालू असताना प्रगती बघायला पुन्हा ट्रूनॅट करायचं का? नाही. ते जंतूचा डीएनए ओळखतं, मेलेल्या जंतूचासुद्धा. त्या कामाला आपला जुना सूक्ष्मदर्शक आणि कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं, हेच हवं.