आभाळ मागितलं, चिरा मिळाला: मुलांच्या चित्रकलेच्या टूलमध्ये अनेक रंगांचा ग्रेडियंट

[कॅमेऱ्यासमोर. मागे वेंगुर्ल्याचं बंदर, सूर्य अजून हातभर वर.]

नमस्कार मंडळी. आज लॅपटॉप घेऊन थेट बंदरावर आलेय, कारण ज्याच्याबद्दल बोलायचंय ते माझ्या पाठीमागे आहे. वर बघा, गडद निळं. खाली पाण्याला टेकतं तिथे केशरी. आता मला सांगा, या दोघांच्या मधे कुठला रंग आहे? घाई करू नका, नीट बघा. आजचा सगळा व्हिडिओ त्या मधल्या रंगाचा आहे.

जे पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांसाठी मी एक छोटं टूल लिहिलंय. एकच फाइल, ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही. पावसाळ्यात इथे नेटचा भरवसा नसतो, म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. पेन्सिल, खोडरबर, रंग ओतायची बादली आणि चार आकार, एवढंच. मुलांनी मागितला ग्रेडियंट, म्हणजे एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरघळत जाणारा. सगळ्यांना संध्याकाळच काढायची होती.

मी दोन रंगांचा करून दिला. कॅनव्हासमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवर, ते अगदी सोपं आहे.

[पडद्यावर कोड]

'क्रिएट लिनिअर ग्रेडियंट'ला चार आकडे द्यायचे: सुरुवातीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू. मग 'ॲड कलर स्टॉप'. 0 वर निळा, 1 वर केशरी. 0 म्हणजे रेघेची सुरुवात, 1 म्हणजे शेवट. या दोघांच्या बाहेरचा आकडा दिलात तर थेट एरर येते. झालं, तीन ओळींत काम संपलं, असं मला वाटलं.

मुलांनी आभाळ भरलं आणि सहावीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्या आभाळ न्हय, ह्यो चिरो!"

खरंच होतं त्याचं. आभाळाच्या बरोबर मधे जांभ्याच्या चिऱ्याचा, म्हणजे इथे घरं बांधतात त्या लालसर तपकिरी दगडाचा, रंग आला होता. का आला, ते आकड्यांतच दिसतं. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक 0 ते 255. माझा निळा होता लाल 30, हिरवा 60, निळा 120. केशरी होता 255, 140, 0. संगणक दोघांची सरळ सरासरी काढतो: साधारण 142, 100, 60. हा तपकिरी आहे, दुसरं काही नाही. त्याला आभाळ माहीत नाही, त्याला फक्त बेरीज आणि भागाकार माहीत आहे.

आता ज्यांना प्रोग्रामिंग येतं ते म्हणतील, अहो, सरासरी चुकीच्या ठिकाणी काढताय. मलाही आधी तेच वाटलं. पडद्यावरचे हे 0 ते 255 आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. 128 म्हणजे निम्मा प्रकाश असं आपण धरतो, पण 128 ला पडदा 255 च्या जेमतेम 22 टक्के प्रकाश देतो. म्हणून लाल आणि हिरव्याची साधी सरासरी काढली की 127, 127, 0 असा शेवाळासारखा काळपट रंग येतो. तेच आकडे आधी खऱ्या प्रकाशात बदलले, तिथे सरासरी काढली आणि परत आणले, तर 188, 188, 0 येतो, बराच उजळ पिवळा. कैरीचा पिकता आंबा होताना जसा रंग बदलतो, त्याच्या हा कितीतरी जवळचा आहे. ही दुरुस्ती खरी आहे आणि शिकण्यासारखी आहे.

मग मी ती आभाळाला लावली. मधला रंग आला साधारण 188, 109, 86.

[पडद्यावर तो रंग, पूर्ण चौकटीत]

हा तर आणखी लाल चिरा! खाणीतून आत्ताच काढलेला.

2020 मध्ये ब्यॉर्न ओटोसन यांनी ओकेलॅब नावाची रंग मोजायची पद्धत मांडली. आपल्या डोळ्यांना फरक जसा जाणवतो तसे त्यात आकडे असतात, आणि आता सीएसएसमध्येही, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतही, ती आलीय. फार चांगली पद्धत आहे. तीही लावून पाहिली. मधे मळकटच रंग आला. येणारच. निळा आणि केशरी हे एकमेकांच्या समोरचे रंग. जलरंगात काम केलेल्या कुणालाही विचारा, ओल्या कागदावर हे दोन थेट भिडू दिले की चिखल होतो. म्हणून चित्रकार मधे फिकट पिवळ्याची पट्टी सोडतो. कागदावर चिखल होण्याचं कारण वेगळं आहे, तिथे रंगद्रव्यं एकमेकांचा प्रकाश गिळतात. पण उपाय दोन्हीकडे तोच: मधला रंग आपण द्यायचा.

आणि खरं आभाळही तेच करतं. सूर्य खाली आला की त्याच्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला हवेचा खूप लांब थर ओलांडावा लागतो. त्या वाटेत निळा उजेड इकडेतिकडे विखरून जातो, आपल्यापर्यंत पिवळा, केशरी, लाल उरतो. डोक्यावरच्या आभाळातून मात्र विखुरलेला निळा येतच असतो. या दोघांच्या मधे तपकिरी कुठेच नाही. तिथे फिकट पिवळा आहे, जवळजवळ पांढरट.

म्हणून मला वाटतं, मुलांच्या टूलमध्ये दोन रंगांचा ग्रेडियंट देऊन थांबणं चूक आहे. सोपं करायचं म्हणून दोनच दिले, तर मुलाला हवं ते चित्र येतच नाही आणि दोष तो स्वतःच्या हाताला देतो.

[पडद्यावर टूल, खाली रंगांची पट्टी]

मी केलं ते असं. खाली एक पट्टी, तिच्यावर मणी. प्रत्येक मणी म्हणजे एक रंग. सुरुवातीला दोन. पट्टीवर रिकाम्या जागी बोट टेकवलं की तिथे नवा मणी. मण्याला बोट लावून सरकवायचं, नको असेल तर पट्टीच्या बाहेर ओढून टाकायचं, पण शेवटचे दोन निघत नाहीत.

यातली एक गोष्ट मला दोन शनिवार गेल्यावर कळली. नवा मणी आधी पांढरा यायचा. मुलाने बोट टेकवलं की त्याच्या आभाळात एकदम पांढरा पट्टा उठायचा आणि मूल दचकून हात मागे घ्यायचं. आता नवा मणी त्या जागी जो रंग आधीच आहे तोच घेऊन येतो. चित्र तिळभरही हलत नाही. मग मुलाने सावकाश रंग बदलावा. कोडमध्ये एवढंच करायचं: डावीकडचा मणी, उजवीकडचा मणी आणि दोघांच्या मधलं अंतर घेऊन रंग काढायचा. बदल लहान आहे, पण मुलांची भीती त्यानेच गेली.

मणी दिसायला लहान ठेवा, पण बोटाला पकडायची जागा मोठी द्या. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ती 48 डीपी सांगितलीय (डीपी हे त्यांचं पडद्यावरचं माप), मी ब्राउझरमध्ये 48 पिक्सेल ठेवलीय. आणि पाचाच्या वर मणी देत नाही. त्याहून जास्त झाले की लहान फोनवर ते एकमेकांवर चढतात.

एक मणी दुसऱ्याला ओलांडून जात नाही, अडतो. पण त्याला चिकटू शकतो. हे मी मुद्दाम राहू दिलंय. दोन मणी एकाच जागी आले की रंग विरघळत नाही, तिथे सरळ रेघ पडते. हे बघा, 0.6 वर केशरी आणि 0.6 वरच समुद्राचा काळपट निळा. क्षितिज तयार! वर आभाळ, खाली पाणी, एकाच ग्रेडियंटमध्ये. मुलांना हे मी शिकवलंच नव्हतं, मणी ढकलता ढकलता त्यांनाच सापडलं.

आता दोन ठिकाणं जिथे तुम्ही नक्की अडकाल.

पहिलं. ग्रेडियंटचे आकडे पूर्ण कागदाचे असतात, आकाराचे नाही. तुम्ही ग्रेडियंट वरून 0 ते 150 असा बांधलात आणि होडी काढलीत 450 वर, तर सगळी होडी एकाच रंगाची, शेवटच्या मण्याच्या. कोड बरोबर असतो, म्हणून शोधत बसायला होतं. आधी आकाराची चौकट मोजा, मग तिच्यावरून सुरुवात आणि शेवट काढा. माझ्या टूलमध्ये मूल बोट ओढतं ती रेघच ग्रेडियंटची दिशा होते. पण लहान मुलं ओढत नाहीत, नुसतं टेकवतात. तेव्हा सुरुवात आणि शेवट एकच बिंदू होतो, आणि अशा वेळी कॅनव्हास काहीच रंगवत नाही. तिथे आपण आपल्या मनाने चौकटीच्या वरून खाली असा धरून घ्यायचा.

दुसरं, रात्रीचं आभाळ. 10, 10, 30 पासून 20, 20, 50 पर्यंत जायचं, आणि उंची 1000 पिक्सेल. निळ्यात फक्त 20 पायऱ्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरी सुमारे 50 पिक्सेल रुंद. डोळ्याला पट्टे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे रंग पूर्णांकात आणण्याआधी प्रत्येक पिक्सेलमध्ये अगदी बारीक, अनियमित फरक मिसळायचा. पट्ट्यांच्या कडा मोडतात आणि आभाळ सलग दिसतं.

गोल ग्रेडियंट आंब्यासाठी लागतो. त्याला दोन वर्तुळं, म्हणून सहा आकडे. आतलं लहान वर्तुळ मधोमध न ठेवता देठाकडच्या खांद्यावर सरकवा, हापूसला तिथेच लाली असते. मण्यांची पट्टी तीच चालते. कोड खाली वर्णनात आहे.

[कॅमेरा हातात घेऊन पाण्याकडे वळते. सूर्य बुडालाय.]

थांबा, एक राहिलं. मागच्या शनिवारी आठवीतल्या एका मुलीने पिवळा आणि निळा यांच्या मधे फिकट हिरवा मणी टाकला. मी म्हटलं, अगं, आभाळात हिरवा कुठला? ती म्हणाली, "बाई, थंय तसाच दिसता." तेव्हा मी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे गेले. म्हणून आज इथे आलेय.

बघा. केशरी. त्याच्या वर पिवळा. आता त्या पिवळ्याच्या वर, निळा सुरू व्हायच्या आधी. दिसतोय?