लिंबू पिळता ना, तिथे ड्राय व्हाइट

नमस्कार मंडळी. परवा घरी पाहुणे होते, काकूंनी व्हाइट वाइनचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, अरे ही तर आंबट आहे, द्राक्षाचीच ना, मग गोडी कुठे गेली? प्रश्न मला फार आवडला, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्या नाशकात एप्रिलला वेलींची खरड छाटणी (नवी काडी यायला), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळ धरायला), आणि जानेवारी ते मार्च वाइनच्या मालाची तोडणी. हा मणी खायच्या थॉमसन द्राक्षासारखा लांबट नसतो, बारीक, गोल, आत बिया, पण गोड इतका की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बावीसच्या आसपास जातो. दिंडोरीला मावसभावाच्या प्लॉटवर मी पहाटे तोडणीला गेलो होतो, डोक्याला बॅटरी, हात गारठलेले आणि बोटं रसाने अशी चिकट झालेली की कात्री सोडवत नव्हती. पहाटेच तोडायचं कारण उन्हात तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. मग वायनरीत दाबून रस काढतात, साल बाजूला करतात, आणि स्टीलच्या टाकीत साधारण १५ डिग्रीला यीस्ट ती साखर खाते आणि तिचं अल्कोहोल करते. जवळजवळ सगळी खाऊ दिली, लिटरमागे ४ ग्रॅमच्या आत उरली, की ती ड्राय. काकू, गोडी अशी गेली, द्राक्षाचा आंबटपणा मात्र राहिला.

आणि तोच आंबटपणा जेवणात कामाला येतो. माझा साधा हिशोब आहे, ज्या पदार्थावर तुम्ही लिंबू पिळता त्याच्यासोबत ड्राय व्हाइट चालते. रव्यात घोळवून तव्यावरून नुकताच उतरलेला बोंबील, बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखा, त्यावर शेनिन ब्लां या द्राक्षाच्या गार वाइनचा घोट घेतला की तेलकटपणा जिभेवरून निघून जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. कोथिंबीर वडीला मात्र सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची वाइन, तिच्यात ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास असतो, कारण दोन्हीत पायराझिन नावाचा एकाच प्रकारचा वासाचा घटक आहे. काकूंना वडीसोबत दिली तर त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला! ही दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची, लुआर नदीकाठी तिथले लोक तिथल्याच सान्सेर गावची सोव्हिन्यों शेळीच्या दुधाच्या चीजसोबत घेतात, आपल्याकडे लिंबू-मिरी लावलेलं पनीर घ्या, मस्त लागतं. नाशिकच्या सुला वायनरीने गंगापूर धरणाजवळ लावलेली आणि २००० साली बाजारात आणलेली पहिली वाइन याच दोन द्राक्षांची होती.

मिसळीसोबत मात्र नको, खरंच नको. तर्रीच्या तिखटावर अल्कोहोल आणखी भडकतं आणि वाइनची चव कळतच नाही, काळ्या मसाल्याच्या मटणाचंही तेच. श्रीखंडासोबत तर ती नुसती आंबट पाणी लागते, कारण ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन फिकी पडते.

बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, ८ ते १० डिग्री पुरे. ग्लासात बर्फ टाकू नका, पातळ होते, आणि फार गार केली तर वासच येत नाही. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच, दोन-तीन दिवसांत संपवा. तरी वाटीभर उरलीच तर लसूण-बटरवर परतलेल्या कोलंबीत ओता, मोठ्या आचेवर आटू द्या, आणि त्या दिवशी लिंबू पिळू नका.