डेकखालचा भिजलेला फोम

श्रोतेहो, नमस्कार. जुनी फायबरग्लासची बोट आळशी झाली, मागची बाजू खाली बसू लागली, इंधन जास्त खाऊ लागली, तर दोष इंजिनाला देण्याआधी डेकखाली बघा. तिथे भरलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या बारीक बंद पेशी नव्यानव्यात पाणी धरत नाहीत. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहून पेशींच्या भिंती फुटतात आणि शिरलेलं पाणी आतच अडकतं. 200 लिटर मुरलं, तर 200 किलोंचं ओझं कायम सोबत.

बोट वजनकाट्यावर नेऊन मूळ वजनाशी ताडून पाहा. ट्रेलर, इंजिन, इंधन, बॅटरी हिशेबात धरा. मग डेकला 50 मिलिमीटरचं भोक पाडून फोमचा गाभा थेट तळापर्यंत काढा. शेवटचा भाग हातानेच खरवडा, करवत तळाच्या कवचाला लागता कामा नये. वरचा फोम कोरडा आणि खालचा पिळताच पाणी, असं बरेचदा दिसतं. म्हणून वरवर चाचपून निर्णय घेऊ नका.

भोकं पाडून पंखे लावून फोम वाळवायचा नाद सोडा. तो काढावाच लागतो. आधी तळाला जागोजागी नीट आधार द्या, नाहीतर डेक निघताच बोटीचा आकार बदलेल आणि तोच आकार तुम्ही पक्का करून बसाल. करवतीची खोली डेकच्या जाडीइतकीच ठेवा. कडेने 5 ते 7 सेंटिमीटरची पट्टी राहू द्या, नवं डेक त्यावर बसतं. काढलेला फोम जाळू नका, धूर विषारी असतो.

आता लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे तळाला बळ देणाऱ्या लांब आडव्या तुळया, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. एका वेळी एकच बदला.

नवा फोम ओतण्याआधी पाण्याला वाट करून द्या. मध्यरेषेवर अर्धा चिरलेला पीव्हीसी पाइप पालथा घालून बिल्जपर्यंत, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या खोलगट जागेपर्यंत, न्या. हे राहिलं, तर सगळी मेहनत पुन्हा भिजणार.

घनमीटरला 32 किलोचा, दोन द्रवांचा फोम घ्या. तो साधारण 25 ते 30 पट फुगतो. प्रमाण डब्यावर दिलेलंच पाळा. वीस-पंचवीस सेकंदांत ढवळून लगेच ओता. जागा पूर्ण कोरडी हवी, ओल असेल तर फोम ठिसूळ होतो. एका दमात भरू नका. आत प्रचंड उष्णता साठते आणि बंद जागेत दाबाने डेकही उचललं जातं. उघड्यावर थराथराने ओता, प्रत्येक थर निवू द्या, वर आलेला भाग कापून सपाट करा. फोमच्या द्रवातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाच्या वाफांसाठी योग्य फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि चष्मा हवाच. स्वस्त म्हणून थर्माकोल भरू नका. पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन दोन्ही त्याला विरघळवतात.

डेक बसवल्यावर आसनांच्या स्क्रूंकडे लक्ष द्या, पाणी बहुतेक तिथूनच उतरतं. प्रत्येक भोक मोठं करून इपॉक्सीने भरा, घट्ट झाल्यावर मधोमध नवं भोक पाडा आणि सीलंट लावूनच स्क्रू आवळा.