दुखणे थांबले, मग मैदानात केव्हा?

उपस्थित क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पालक आणि खेळाडू मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘क्रीडा दुखापती आणि फिजिओथेरपी’ असा मोठा विषय छापलेला असला, तरी मला आज एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. जखमी खेळाडूला मैदानात परत केव्हा उतरवायचे आणि ते कोणत्या मापाने ठरवायचे, हा तो प्रश्न. आपल्याकडे दुखणे थांबले की हा निर्णय होतो, नाहीतर स्पर्धेची तारीख जवळ आली की होतो. या दोन्हींना मी माप मानत नाही.

सोलापूरला लागून असलेल्या एका गावातील शाळेची खो-खो खेळणारी मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पाठलागात तिच्यासारखी चपळ मुलगी त्या संघात दुसरी नव्हती. सरावात खांबाला वळसा घालताना तिचा उजवा घोटा आत मुडपला. पायाला सूज आली, क्रेप बँडेज बांधले गेले आणि तीन आठवडे घरी बसण्याचा सल्ला मिळाला. तिने तो अक्षरशः पाळला. दुखणे थांबले तेव्हा जिल्हास्तरीय सामना अगदी तोंडावर आला होता, म्हणून मधला कोणताही सराव न घेता तिला थेट संघात उतरवले गेले आणि पहिल्याच डावात, कोणाचा धक्काही न लागता, तोच घोटा पुन्हा मुरगळला. पुन्हा बँडेज बांधले गेले, पुन्हा विश्रांती झाली आणि पुढच्या सामन्यात पुन्हा तेच घडले. मग ‘हिचा पाय नाजूकच आहे’ असा शिक्का तिच्यावर बसला आणि तिचे नाव राखीव खेळाडूंत गेले.

मी तपासले तेव्हा सूज नव्हती, दाबल्यावर फारसे दुखत नव्हते आणि एक्स-रेमध्येही काही दोष नव्हता. मात्र डोळे मिटून उजव्या पायावर उभे राहायला सांगताच तिने क्षणभरात भिंत धरली. एका पायावर उभे राहून टाच उचलण्याचा व्यायाम डाव्या पायाने ती सहज करत होती, तर उजवा पाय निम्म्यातच थकला. उजवी पोटरी नुसत्या डोळ्यांनाही बारीक दिसत होती. तिची आई शेजारीच उभी होती. एका दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती आणि तिने अगदी योग्य प्रश्न विचारला, ‘‘डॉक्टर, आता तर तिला दुखंना, मग व्यायाम कशाला?’’

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक क्रीडाशिक्षकाला देता आले पाहिजे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. घोटा आत मुडपतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे (लिगामेंट), ताणले जातात किंवा फाटतात. पाय कोणत्या कोनात टेकतो आहे याची वार्ता मेंदूला देणारी चेतातंतूंची टोके याच अस्थिबंधांत असतात आणि दुखापतीत तीही जायबंदी होतात. ब्रिटनमध्ये अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ मध्येच हा विचार मांडला होता आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी घोटा वारंवार निसटण्याचे प्रमाण कमी होते, हेही दाखवले होते. वेदना आणि सूज तुलनेने लवकर ओसरतात. त्यानंतर काही आठवडे कोलॅजनचे, म्हणजे अस्थिबंध ज्या प्रथिनाचे बनतात त्याचे, नवे तंतू तयार होत राहतात आणि ते भार सोसण्याच्या दिशेने नीट रचले जाण्याचे काम तर कित्येक महिने चालते. यंत्रमागांच्या आपल्या सोलापुरात हे समजायला अवघड नाही, कारण ताणा सैल राहिला तर कापड नीट उतरत नाही, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. या तंतूंनाही वेळेवर आणि मापात ताण मिळावा लागतो. तीन आठवडे घरी बसलेल्या त्या मुलीच्या घोट्याला तो मिळालाच नाही. तिचे दुखणे गेले, पण ताकद, तोल आणि सांध्याची जाण परत आली नव्हती.

येथे बर्फाविषयी थोडे बोलतो, कारण तो प्रश्न नेहमी येतो. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली आणि ती जगभर रूढ झाली. बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून येण्यास उलट विलंब लागू शकतो, असे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले. बर्फाने वेदना कमी होते, त्यामुळे पहिल्या दिवशी तो लावण्यास माझी हरकत नाही. माझी हरकत विश्रांतीलाच उपचार समजण्याला आहे.

त्या मुलीला आम्ही यंत्रावर झोपवून ठेवले नाही. आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर टाचा उचलणे, पायरीच्या कडेवर तोच व्यायाम, एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, जागच्या जागी उड्या, आठच्या आकड्यात धावणे, खो-खोच्या चौकात बसलेल्या स्थितीतून झेपावणे आणि सर्वांत शेवटी खांब, असा तो क्रम होता. घरची पायरी आणि अंगण तिला पुरले. तो हंगाम मात्र हातचा गेला. याची मला आजही चीड येते, कारण पहिल्या मुरगळण्यानंतरच हे व्यायाम सुरू झाले असते तर बहुधा तो वाचला असता. दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी स्पर्धेतील सहभाग हवा असतो, तेव्हा शाळा, पालक आणि मूल तिघेही घाई करतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर ते गुण किती मोलाचे असतात, हे मी जाणतो. पण त्या गुणांसाठी पंधरा वर्षांच्या मुलीचा घोटा कायमचा अस्थिर करणे मला मान्य नाही, आणि आपणही ते मान्य करू नये.

वेळ संपत आल्याची सूचना संयोजकांनी दिली आहे, त्यामुळे ज्या मापांविषयी बोलण्याचे मी कबूल केले होते ती आता भराभर सांगतो.

गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर १०६ खेळाडूंचा दोन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आणि एका पायावरील उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांहून अधिक होणे, अशा कसोट्या त्यात लावल्या होत्या. त्या पुऱ्या न करता खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के खेळाडूंच्या गुडघ्याला पुन्हा दुखापत झाली, तर कसोट्या पुऱ्या करणाऱ्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. शिवाय नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटला. ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातात गुडघा जायबंदी झालेला ऋषभ पंत मार्च २०२४ मध्ये मैदानात परतला. साऱ्या सोयी हाताशी असूनही त्याला सव्वा वर्ष लागले, हे घाई करणाऱ्या पालकांना अवश्य सांगा.

आता दुसऱ्या पायाशी तुलना करण्यातील अडचण. खेळाडू बसून राहिला की चांगला पायही अशक्त होतो, आणि मग दोन्ही पाय सारखे भरले तरी ते सारखेच कमजोर असू शकतात. म्हणून माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे की शाळेने दुखापतीपूर्वीचे माप जपून ठेवावे. त्यासाठी खडू, मोजपट्टी आणि एक वही पुरते. एका पायावरील लांब उडी, एका पायावर टाच किती वेळा उचलता येते तो आकडा, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवताना अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे राहतो ते अंतर, ही तीन मापे दोन्ही पायांची घ्यावीत. जो अनवाणी खेळतो त्याचे माप अनवाणीच घ्यावे. शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा शालेय स्पर्धांची धावपळ सुरू होण्याआधी हे एका तासिकेत उरकते. पुढे दुखापत झालीच, तर खेळाडूने आपल्याच जुन्या आकड्याच्या ९० टक्के गाठल्याशिवाय आणि खेळातील वळणे, झेपा पूर्ण वेगाने केल्याशिवाय त्याचे नाव संघाच्या यादीत लिहू नये.

एक शेवटची सूचना मैदानावरच उपयोगी पडणारी आहे. घोटा मुरगळल्यावर खेळाडूला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या, कोणत्याही एका बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटर भागात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पायाच्या मधल्या भागात दुखत असताना करंगळीच्या रेषेतील हाडाच्या मागच्या टोकावर किंवा घोट्याच्या पुढे आतल्या बाजूच्या हाडावर दाबूनही दुखत असेल, तर तेथेही हाच नियम लावावा. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये या कसोट्या तयार झाल्या आणि आज त्या जगभर वापरल्या जातात. अशा वेळी मालिश करू नये, घोटा ओढून ‘बसवण्याचा’ प्रयत्न करू नये आणि खेळाडूला त्या पायावर चालवत घरी पाठवू नये.