नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

(फ्लॉपी ड्राइव्ह, अगदी जवळून. मूळ आवाज तसाच ठेवायचा.)

कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवताना, म्हणजे इन्स्टॉल करताना, आत काय चालतं ते आज पाहू. सुरुवात फ्लॉपीपासून, म्हणजे माहिती साठवायच्या जुन्या चकतीपासून. हा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे माहितीची वर्तुळं, असतात. वाचणारं हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकलं की मोटर अशी कुरकुरते. पूर्ण फ्लॉपीत मावायचे १४,७४,५६० बाइट. मोबाइलवर काढलेला एक बरा फोटोही यात बसायचा नाही. विंडोज ९५ तर नेहमीपेक्षा जास्त माहिती कोंबलेल्या १३ फ्लॉपींवर यायची. बाराव्या फ्लॉपीवर ‘वाचता येत नाही’ असं आलं, की आधीच्या अकरा घातल्या त्या फुकट. आमची ही फ्लॉपी मात्र कॅमेऱ्यासमोर पहिल्याच झटक्यात चालली. आम्हीच चकित झालो.

(इन्स्टॉलरच्या खिडक्या, एकापाठोपाठ एक.)

मग सीडी आली, डाउनलोड आलं, आणि या खिडक्या आल्या. स्वागत. नेक्स्ट. कुणी कधी न वाचलेला परवाना. मान्य. नेक्स्ट. आता इथे चित्र थांबवू या. कोपऱ्यातला हा छोटा चौकोन पाहा. ‘ब्राउझरमध्ये आमचा टूलबारही टाका.’ टिकमार्क आधीच केलेला आहे, आपण येण्यापूर्वीच. घाईत नेक्स्ट दाबणाऱ्या बोटासाठीच तो तिथे ठेवलाय.

आणि ही हिरवी पट्टी सरकत असताना आत काय चालतं? फाइलींची नक्कल, बहुतेक वेळ तेवढंच. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये एक फोल्डर, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, काही नोंदी, स्टार्ट मेन्यूत एक शॉर्टकट, काढून टाकायच्या यादीत एक नाव. मॅकवर तर पुष्कळदा आयकॉन उचलून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरवर सोडला की काम झालं. तो आयकॉन हाच मुळात एक फोल्डर असतो.

पण इन्स्टॉलर हा स्वतःही एक प्रोग्रॅम असतो. स्क्रीन काळवंडते, परवानगी विचारली जाते, आपण ‘येस’ म्हणतो. त्यानंतर तो मशीनवर जवळजवळ कुठेही लिहू शकतो. जुन्या विंडोजवर याचा ठरलेला त्रास होता. डीएलएल ही अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायची फाइल. नव्या इन्स्टॉलरनं तिच्या जागी आपल्याजवळची जुनी प्रत टाकली, की कालपर्यंत नीट चालणारा भलताच प्रोग्रॅम आज उघडेना. या दुखण्याला ‘डीएलएल हेल’ असं नावच पडलं होतं.

(काळी टर्मिनल. चमकणारा कर्सर.)

आता या काळ्या पडद्याकडे, म्हणजे हुकूम टाइप करायच्या टर्मिनलकडे, वळू. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉक या विद्यार्थ्यानं लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच पण खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, एक नवी मांडणी जाहीर केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून नाव ठेवलं डेबियन. प्रत्येक प्रोग्रॅम एका ठरावीक पद्धतीनं गाठोड्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधायचा आणि कोणती फाइल कुणाची याचा हिशेब मशीननंच ठेवायचा, ही तिथली शिस्त. तो हिशेब ठेवतो डीपीकेजी हा प्रोग्रॅम. मार्च १९९९ मध्ये, डेबियन २.१ बरोबर, त्याच्या जोडीला ॲप्ट आलं. एक पॅकेज मागितलं की त्याला लागणारी बाकीची शोधून आणणं हे ॲप्टचं काम.

एक पॅकेज उघडूनच दाखवतो.

(डेब फाइल सुटी होताना. घाई नको.)

आत तीनच गोष्टी निघतात. पहिल्या फाइलीत फक्त एक ओळ: २.०. पॅकेजच्या साच्याची आवृत्ती. दुसऱ्या गाठोड्यात पॅकेजची माहिती: नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव आणि ईमेल, आणि ही ‘डिपेंड्स’ची ओळ, म्हणजे माझ्याआधी आणखी कोण कोण लागेल त्याची यादी. तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली, फोल्डरांच्या पूर्ण उतरंडीसकट. डिस्कच्या मुळाशी हे गाठोडं सोडलं की चालवायची फाइल ‘बिन’मध्ये जाते, मॅन्युअल ‘मॅन’मध्ये, मेन्यूतला आयकॉन मेन्यूत.

आता व्हीएलसी हा व्हिडिओ पाहायचा प्रोग्रॅम बसवू. सुडो, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं. सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी. एंटर.

ही बघा यादी. मागितलं एक, पण लिबव्हीएलसी आहे, प्लगिन आहेत, डेटाचं पॅकेज आहे. किती एमबी उतरणार आणि डिस्कवर किती जागा जाणार, दोन्ही आकडे आधी समोर. मग प्रश्न: पुढे जायचं? टिकमार्क आधीच केलेला चौकोन इथे शोधून सापडणार नाही.

आणि हे कुणाच्या भरवशावर? सर्व्हरवर ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते, तिच्यावर डेबियनची डिजिटल सही. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. वाटेत कुणी एक बाइट जरी बदलला, तरी हॅश जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज घेत नाही. डेबियन १२ मध्ये अशी ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, आणि ती सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक.

डेबियनच्या स्थिर, म्हणजे चाचणी पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या, आवृत्तीतले प्रोग्रॅम जुने असतात ही तक्रार खरी आहे. आणि मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा तो डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचलेला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र नाही.

(टर्मिनलवर अक्षरांनी काढलेली गाय.)

ही गाय कुठून आली? ॲप्ट मू टाइप करून पाहा. ‘आज हंबरलात का?’ असं विचारते. उपयोग शून्य. इतकी वर्षं कुणी काढली नाही, हे बरंच केलं.

(शेवटचं दृश्य.)

आता काढून टाकू. सुडो ॲप्ट पर्ज व्हीएलसी. पुन्हा यादी, पुन्हा प्रश्न, वाय. बरोबर आलेली, आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ऑटोरिमूव्ह या हुकमानं जातात. मेन्यूतला व्हीएलसीचा केशरी शंकूही गेला. पण होम फोल्डर उघडल्यावर ‘कॉन्फिग’मध्ये व्हीएलसीचा फोल्डर अजून आहे: आवाज किती ठेवला होता, खिडकी केवढी होती, सगळं जिथल्या तिथे. वापरणाऱ्याच्या होममध्ये ॲप्ट हात घालत नाही. ते आवरायचं तर आपणच.