हनोईहून पॅगोडा आणि दुओंग लाम गाव: आदल्या दिवशीचा फोन विसरू नका

नमस्कार मंडळी! व्हिएतनाममधल्या हनोईच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: “एकच दिवस आहे, पॅगोडा आणि जुनं गाव दोन्ही होईल का?” होतं, आणि आरामात होतं. गाइड आणि गाडी सोबत घ्या.

सकाळी आठच्या आत निघायचं. आधी थाय पॅगोडा, हनोईपासून वीस-पंचवीस किलोमीटर. मग सॉन ताय शहराजवळचं जुनं गाव दुओंग लाम, तिथेच जेवण. मिआ पॅगोडाही त्याच गावात आहे. संध्याकाळपर्यंत परत. पॅगोडात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढायची, मधलं दार सोडून बाजूच्या दाराने आत जायचं आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. झालं, पुढे.

आता जेवण. इथे थांबून नीट ऐका, कारण शाकाहारी मंडळींचा दिवस इथेच बिघडतो. दुओंग लाममधलं जेवण जुन्या घरांत, घरच्याच स्वयंपाकघरात होतं. सकाळी बाजार होतो, माणसं मोजून कोंबडी आणि डुकराचं मांस शिजतं. तुम्ही बाराला पोचून “आम्ही शाकाहारी” म्हणालात तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून गाइडला आदल्या दिवशी त्या घरी फोन करायला लावा.

“मांस नको” एवढंच सांगितलं तर काय होतं? पालेभाजी येते, पण माशाच्या सॉसमध्ये परतलेली. टोफू येतो, पण डुकराच्या चरबीत तळलेला. सूपमध्ये मांसाच्या अर्काची मसाला पूड असते. वाढणाऱ्यांच्या मनात काडीचंही कपट नसतं, त्यांच्या हिशोबाने ताटात मांस नाहीच. म्हणून “आन चाय” असं सांगायचं, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. अंडं चालतं की नाही, तेही वेगळं सांगा.

आणि बुडवून खायला माशाच्या सॉसऐवजी ‘तुओंग’ मागा. भाजलेलं सोयाबीन, आंबवलेला चिकट तांदूळ, मीठ आणि पाणी, एवढंच. अंगणात उन्हात ठेवलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत ते मुरतं, आणि दुओंग लाम त्यासाठीही ओळखलं जातं. उकडलेली पालेभाजी, साधा टोफू, भात आणि तुओंग: फोन वेळेवर गेला तर हे जेवण त्या घराला अवघड नाही, आणि तुमच्या ताटात गावाची खरी चव येते.

काही जण विचारतात, कुठल्या तारखेला जावं? व्हिएतनाममधले बरेच बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. पंधरावा म्हणजे साधारण आपली पौर्णिमा. त्या दिवशी शाकाहारी जेवण सहज मिळतं, पण पॅगोडात गर्दी असते. तरीही फोन हवाच!

आणखी एक कमेंट: “फोटोत घुमट का दिसत नाही?” गोराईचा पॅगोडा डोळ्यांसमोर असेल तर तसं होणारच, तो ब्रह्मदेशी घडणीचा आहे. उत्तर व्हिएतनामात लाकडी खांबांची, कौलांची, बसकी सभागृहं एकामागे एक असतात. थाय पॅगोडासमोरच्या तळ्यात पाण्यावरच्या बाहुल्यांच्या खेळाचा मंडप आहे, तो बघाच. मागच्या डोंगरातल्या गुहेकडे मात्र पाऊस झाला असेल तर जाऊ नका, दगड फार निसरडे होतात. मिआ पॅगोडा 1632 मध्ये मोठा बांधला गेला. तिथे 287 मूर्ती आहेत, त्यांतल्या 174 मातीच्या. हात लावू नका, फ्लॅश मारू नका.

गावाच्या भिंती बघून कोकणातली माणसं लगेच ओळखतील: हा जांभा! खणताना मऊ, हवा लागली की टणक. मोंग फू वाडीच्या वेशीतून आत शिरा, गल्ल्या चावडीसारख्या सभागृहाच्या चौकातून फुटतात. घरांत आजही माणसं राहतात. मधल्या खणात पूर्वजांचं देवघर असतं, त्याला पाठ करून सेल्फी काढू नका. दुपारी दीडपर्यंत लोक जेवतात, आडवे होतात, तेव्हा दारं वाजवू नका, तुमचंही जेवण त्याच वेळात उरका. निघताना आलं-शेंगदाण्याची ‘चे लाम’ वडी घ्या. ती शाकाहारी आहे. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.